गिंडीचे रान आणि शहरवासीयांची वाट

(वेस्ट मांबलम, चेन्नई येथे मराठी भाषकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

वेस्ट मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ या नावाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर उभे राहून कोणत्याही दिशेला पाहिले तरी तळे दृष्टीस पडत नाही. घरे दिसतात, दुकाने दिसतात, विजेच्या तारा दिसतात. तरीही रस्त्याचे नाव खोटे नाही. शंभर वर्षांपूर्वी मांबलम गावातून पूर्वेकडे पाहणाऱ्याला खरोखरच पाणी दिसत असे. नुंगंबाक्कमकडून सैदापेटच्या दिशेने पसरलेल्या त्या जलाशयाला इंग्रजी कागदपत्रांत ‘लाँग टँक’ म्हणत. पावसाचे पाणी अडविणारा, शेते भिजविणारा आणि गुरांची तहान भागविणारा असा तो तलाव होता. हौशी साहेबलोक त्याच्या पाण्यावर नावाही चालवीत. आजच्या भाषेत सांगायचे तर जलसंधारण, उपजीविका आणि मनोरंजन ही तिन्ही कामे एकच सार्वजनिक जागा करीत होती.

१९२० साली मद्रास प्रांतात नगररचनेचा कायदा झाला आणि १९२३ पासून मांबलमची वसाहत आखली जाऊ लागली. तलाव बुजविण्यात आला व त्या जमिनीवर त्यागराय नगर उभे राहिले. पनगल पार्क, नटेसन पार्क यांसारखी उद्याने या आराखड्यात होती, हे आखणी करणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण म्हटले पाहिजे. परंतु आखीव रस्ते आणि उद्याने रेल्वेमार्गाच्या पूर्वेस राहिली. पश्चिमेचे जुने गाव आपल्या मनाने वाढत गेले. मंदिरे, भजनमंडपे, भाजीबाजार, अरुंद गल्ल्या यांनी वेस्ट मांबलम भरून गेले. पूर्वेसारखे मोठे उद्यान त्याच्या वाट्याला आले नाही. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलेले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये ते या भागातील रस्त्यांवर येऊन राहिले.

गिंडीच्या रानाविषयीच्या व्याख्यानाचा आरंभ बुजलेल्या तलावापासून का, असा प्रश्न श्रोत्यांना पडला असेल. वन्य प्रदेशाचे रक्षण आणि नागरिकांचा विरंगुळा यांचा मेळ कसा घालावा, ही चर्चा बहुधा वनाच्या दारापाशी सुरू होते. दार उघडावे की बंद ठेवावे, तिकीट किती असावे, माणसे किती सोडावीत, असे तिचे स्वरूप असते. दारापाशी आलेला माणूस कोठून आला, त्याच्या घराजवळ मोकळी जागा होती की नव्हती आणि असल्यास ती कोठे गेली, हे सहसा कोणी विचारीत नाही. मांबलमपासून गिंडीचे राष्ट्रीय उद्यान अवघ्या चार-पाच किलोमीटरवर आहे. या दोन ठिकाणांचा इतिहास एकत्र वाचला, तर त्या चर्चेला निराळे वळण मिळते.

गिंडीचे रान ही मुळात खासगी मालमत्ता होती. १८२१ साली सरकारने ती पस्तीस हजार रुपयांना विकत घेतली आणि तेथील ‘गिंडी लॉज’ गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. पुढे राजभवन म्हणून ओळखले गेलेले ते हेच. भोवतालच्या रानात गव्हर्नर आणि त्यांचे पाहुणे शिकार करीत. १९१० मध्ये ५०५ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झाले. स्वातंत्र्यानंतर या क्षेत्राला गळती लागली. १९५८ मध्ये काही भाग तंत्रज्ञान संस्थेसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे गेला. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या सूचनेवरून आणखी एक भाग हरणांचे उद्यान व बालोद्यान यांसाठी वनखात्याकडे देण्यात आला. १९६१ ते १९७७ या काळात सुमारे १७२ हेक्टर जमीन शासनाच्या निरनिराळ्या विभागांकडे शिक्षणसंस्था व स्मारके यांसाठी सोपविण्यात आली. राजाजी आणि कामराज यांची स्मारके सत्तरच्या दशकात याच परिसरात उभी राहिली. १९७८ मध्ये जेव्हा राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली, तेव्हा उरलेले क्षेत्र होते सुमारे २७० हेक्टर, म्हणजे २.७ चौरस किलोमीटर.

हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. रान जवळजवळ निम्म्यावर आले, ते सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायांखाली तुडवले जाऊन नव्हे. सहलीला आलेल्या मुलांनीही ते संपविले नाही. ते कमी झाले शासनाच्या आदेशांनी आणि प्रत्येक वेळी एखाद्या चांगल्या कारणासाठी. तंत्रशिक्षण हवे होते, संशोधनसंस्था हव्या होत्या, थोर नेत्यांची स्मृती जपायची होती. यांपैकी कोणत्याही कारणाला विरोध करणे त्या काळी कठीण होते, आजही सोपे नाही. या संस्थांनी आपल्या आवारांत बरीच झाडी राखली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आयआयटीच्या सुमारे अडीचशे हेक्टरांच्या आवारात चितळ व काळवीट आजही वावरतात. तथापि १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय उद्यान, राजभवन आणि आयआयटी यांच्यामध्ये भिंती घालण्यात आल्या आणि एका रानाचे तीन तुकडे झाले.

या तुकड्यांपैकी सर्वांत काटेकोरपणे राखलेला तुकडा म्हणजे राष्ट्रीय उद्यान. कोरोमंडल किनाऱ्यावर एके काळी विस्ताराने आढळणारे उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन येथे टिकून आहे. या प्रकारचे वन देशात फारच थोडे उरले आहे. साडेतीनशेहून अधिक जातींच्या वनस्पती, दीडशेहून अधिक जातींचे पक्षी, कोल्हे, मुंगूस, उदमांजरे, तारा कासव एवढी संपदा महानगराच्या मध्यभागी नांदते आहे. काळवीट हा या रानाचा मानकरी. त्याला दाट झाडी मानवत नाही. उघडे माळरान, आखूड गवत आणि दूरवर जाणारी नजर या त्याच्या गरजा होत. उद्यानातील जुने पोलो मैदान म्हणूनच त्याला प्रिय आहे. जेथे एके काळी गव्हर्नरांचे घोडे दौडत, तेथे आज काळवीट चरतो. या गमतीचा अर्थ पुढे पाहू.

आता प्रवेशाचा प्रश्न. गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात सर्वसामान्य पर्यटकाला मुक्त प्रवेश नाही. दाराशी असलेले बालोद्यान आणि शेजारचे सर्पोद्यान त्याच्यासाठी खुले आहे. मुख्य रानात अभ्यास वा तत्सम कारणासाठी परवानगी घेऊनच जावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने पर्यटन निषिद्ध ठरविलेले नाही, हे येथे लक्षात घ्यावे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्याबरोबरच पर्यटनासाठीही परवाना देण्याची तरतूद त्याच्या कलम २८ मध्ये आहे आणि ती राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. कायद्याने दार बंद केलेले नाही. दाराची किल्ली वनाधिकाऱ्याच्या हाती दिली आहे. मग ती गिंडीत इतक्या जपून का वापरावी लागते?

उत्तर साध्या गणितात आहे. समजा, रानातून चार किलोमीटर लांबीची पायवाट काढली. माणसांच्या वर्दळीने वाटेच्या दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर क्षेत्र प्राण्यांनी टाळले, असेही समजू. बुजऱ्या जनावराच्या मानाने हे अंतर मुळीच जास्त नाही. तेवढ्यानेच ८० हेक्टर क्षेत्र अशांत होते, म्हणजे संपूर्ण उद्यानाचा जवळजवळ तीस टक्के भाग. भिंतीपलीकडचे रस्ते, त्यांवरील वाहनांचा आवाज, रात्रीचे दिवे यांनी कडेचा पट्टा आधीच व्यापलेला आहे. तो वजा केला तर काळविटाला निवांत असे किती उरते? डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळाने येथील असंख्य झाडे आडवी केली. मोठ्या अरण्यात असा तडाखा एका कोपऱ्यात बसतो आणि उरलेले अरण्य त्याला सावरून घेते. येथे कोपरा आणि अरण्य यांत फरकच नाही.

मुंबईशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, गिंडीच्या अडतीसपट. तेथे पहाटे फिरणाऱ्यांची रीघ लागते. कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता उद्यानाच्या पोटातून जातो. महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी होते. एवढे असूनही त्याच उद्यानात बिबट्या वावरतो, कारण माणसांना कृष्णगिरी उपवनाच्या बाजूला आणि ठरावीक रस्त्यांवर रोखून धरले, तरी आतले विस्तीर्ण रान मोकळे राहते. हा मेळ सहज जमलेला नाही. २००४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांनी उद्यानाच्या परिसरात हाहाकार उडाला होता. इतरत्र पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडण्याच्या पद्धतीकडे त्यानंतर अभ्यासकांनी लक्ष वेधले. २०११ पासून वनविभाग, संशोधक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम चालविला. कचरा उघड्यावर टाकू नये, मुलांना संध्याकाळी एकटे सोडू नये, बिबट्या दिसला म्हणून पिंजरा मागू नये, अशा अगदी घरगुती गोष्टी त्यातून वस्त्यांमध्ये सांगण्यात आल्या. बिबट्याला मुंबईत राहू देण्याचे शिक्षण उद्यानाच्या आत कमी आणि बाहेर अधिक झाले.

व्याघ्र प्रकल्पांच्या संदर्भात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर १६ ऑक्टोबर रोजी ती उठविण्यात आली. गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, अशी मर्यादा त्या तत्त्वांत आहे. शेकडो चौरस किलोमीटरच्या ताडोब्याला किंवा मेळघाटाला ही मोजपट्टी उपयोगी पडते. गिंडीला ती लावली तर हाती येतात ५४ हेक्टर, म्हणजे एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या आवाराएवढी जागा. टक्केवारी सर्वत्र सारखी असली तरी तिच्या पोटातले रान सारखे नसते.

जगात अन्यत्रही ही ओढाताण जुनीच आहे. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन उद्यान राखून ठेवण्यात आले. १९१६ च्या कायद्याने तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. निसर्ग आणि वन्यजीव जपायचे, लोकांना त्यांचा आनंदही घेऊ द्यायचा, आणि हे करताना पुढच्या पिढ्यांसाठी सारे अबाधित राहील याची काळजी घ्यायची. या दोन जबाबदाऱ्या एकमेकींशी भांडू लागल्या. मोटारी वाढल्या, रस्ते आले, विश्रामगृहे आली. शेवटी १९६४ मध्ये स्वतंत्र कायदा करून काही क्षेत्रे रस्ते आणि मोटारी यांपासून पूर्णपणे मुक्त ठेवावी लागली. माणसाने तेथे पाहुणा म्हणून जावे, मुक्काम ठोकू नये, ही त्या कायद्यामागील दृष्टी होती. त्या देशाला हे परवडले याचे एक कारण त्याच्यापाशी असलेली अफाट सरकारी जमीन. चेन्नईत २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला साडेसव्वीस हजारांहून अधिक माणसे राहत होती. गिंडीच्या रानाएवढ्या भूमीवर शहरात सत्तर हजार माणसे संसार करीत होती, असा याचा अर्थ.

तेव्हा गिंडीचे दार सर्वांसाठी उघडा, ही मागणी मान्य करण्यासारखी नाही. तथापि दार बंद ठेवणाऱ्यांनीही दोन गोष्टींना सामोरे गेले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, दार बंद करणे म्हणजे रक्षण नव्हे. महाराष्ट्रातील कास पठाराचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. सातारा शहराजवळचे हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात तेथे मोटारींच्या रांगा लागू लागल्या. मग दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क असे उपाय करण्यात आले. भोवतालच्या गावांतील संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे व्यवस्था सोपविली गेली आणि गावातल्या तरुणांना हंगामी रोजगार मिळाला. हे सारे उचितच होते. परंतु पठाराला जाळीचे कुंपणही घालण्यात आले. त्यामुळे गुरांचे चरणे थांबले. गुरांच्या चरण्याने व खुरांनी गवत आटोक्यात राहत होते आणि म्हणून लहान फुलझाडांना ऊन मिळत होते, असे काही अभ्यासकांचे आणि ग्रामस्थांचे म्हणणे होते. कुंपण आले, गवत माजले आणि फुले कमी झाली, ही तक्रार वाढत गेली. पुढे ते कुंपण काढण्यात आले.

गिंडीच्या पोलो मैदानाचा अर्थ येथे लागतो. काळविटाला हवा असलेला माळ निसर्गाने एकट्याने राखलेला नव्हता. गवत कापणाऱ्या, घोडे फिरविणाऱ्या माणसांचाही त्यात हात होता. त्यांचा वावर थांबल्यावर झुडपे पुढे सरकतात, चितळांची संख्या काळविटांच्या वर जाते आणि माळ आक्रसतो. म्हणजे रान राखायचे तर कोणाला तरी आत जाऊन झुडपे हटवावी लागतील, माळ उघडा ठेवावा लागेल, तळ्यांतील गाळ काढावा लागेल. हे काम मजुरांचे, वनरक्षकांचे आणि अभ्यासकांचे आहे. त्यात शिकाऊ स्वयंसेवकांनाही वाटा देता येण्यासारखा आहे. पाहण्यासाठी आत जाणे आणि राबण्यासाठी आत जाणे यांत भेद केला, तर प्रवेशाच्या वादातील बरीच कटुता निघून जाईल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गिंडीच्या रानाचा सहवास कोणाला मिळतो? राजभवनात राहणाऱ्यांना मिळतो. आयआयटीत शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांना वसतिगृहाच्या खिडकीतून चितळ दिसते. सर्वसामान्य चेन्नईकराला मात्र बालोद्यानातील जाळीआडून प्राणी पाहावे लागतात. एके काळचे एकच रान. त्याच्या एका तुकड्यात राहण्याचा परवाना, दुसऱ्यात बाहेरूनच परतण्याची सक्ती. वन्यप्राण्यांच्या हितासाठी काही त्याग आवश्यक आहे, हे पश्चिम मांबलमच्या दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुटुंबालाही पटते. परंतु त्यागाचा वाटा असा असमान असला, म्हणजे संरक्षण हे वरच्या वर्गाचे कुंपण वाटू लागते. लोकशाहीत कोणतेही वन लोकांच्या मनाविरुद्ध फार काळ टिकत नाही. पुढच्या वेळी एखाद्या इमारतीसाठी गिंडीची दहा हेक्टर जमीन मागितली गेली, तर भिंतीबाहेर कधीच आत न गेलेले नागरिक तिच्यासाठी उभे राहतील काय?

बाहेरच्यांना रानाशी जोडून घेण्याचा एक यशस्वी प्रयोग गिंडीच्या उंबरठ्यावरच झालेला आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलेले सर्पोद्यान १९७२ पासून येथे आहे. साप दिसला की ठेचावा, एवढेच ठाऊक असलेल्या शहराच्या कित्येक पिढ्यांनी येथे विषारी व बिनविषारी साप वेगळे ओळखायला शिकून घेतले. त्याच १९७२ च्या कायद्याने पुढे सापाच्या कातडीचा व्यापार बंद झाला आणि साप पकडून जगणाऱ्या इरुळा आदिवासींवर उपासमारीची पाळी आली. तेव्हा १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. सर्पदंशावरील लसीसाठी साप पकडायचे, विष काढायचे आणि सापाला पुन्हा सोडून द्यायचे, हा तिचा व्यवसाय. त्यांचे परंपरागत कसब आता औषधाच्या कामी आले. सर्पोद्यानाला रानातील एक हेक्टरही तुडवावे लागले नाही. उंबरठा नीट बांधला तर पाहुण्याला माजघरात शिरण्याची गरज भासत नाही.

असे उंबरठे मद्रासने पूर्वी बांधलेही होते. गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंट्रल स्थानकाच्या परिसरात ११६ एकरांचे ‘पीपल्स पार्क’ आकारास आले. तळी, बगिचे, प्राणिसंग्रह, बँडचा चौथरा अशी त्याची रचना होती. पुढे मूर मार्केट, महानगरपालिकेची रिपन इमारत, क्रीडागार, रेल्वेची विस्तारकामे यांनी ते उद्यान इतके व्यापले की आज त्याचा एक लहानसा बगिचा तेवढा शिल्लक आहे. प्राणिसंग्रहालय १९८५ मध्ये शहराबाहेर वंडलूरला गेले. नुंगंबाक्कमच्या तलावाच्या भूमीवर १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले. गेल्या काही वर्षांत पनगल पार्कमध्येही भुयारी मेट्रोच्या स्थानकाचे खोदकाम झाले. प्रत्येक वेळी कारण पुन्हा चांगलेच होते.

श्रोत्यांमध्ये तंजावरकडील मराठी घराण्यांतील मंडळी बरीच आहेत. त्यांना या संदर्भात राजा सर टी. माधवराव यांची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. कुंभकोणमला जन्मलेला हा तंजावरी मराठी मुत्सद्दी बडोद्याचा दिवाण असतानाच, १८७९ साली, तेथे कमाटी बाग उभी राहिली. विश्वामित्री नदीकाठी शंभर एकरांहून अधिक जागा संस्थानाने प्रजेच्या विरंगुळ्यासाठी दिली. ती बाग आजही बडोद्याच्या मध्यभागी आहे आणि तिच्यातून स्मारकांसाठी वा कचेऱ्यांसाठी पीपल्स पार्कसारखे लचके तोडले गेले नाहीत. राजसत्तेने दिलेली बाग टिकावी आणि लोकसत्तेच्या काळात लोकांचे उद्यान नाहीसे व्हावे, हा विरोधाभास नगररचनाकारांनी अभ्यासावा असा आहे.

चेन्नईतील अलीकडचे प्रयत्न अधिक समजूतदार आहेत. अड्यार नदीच्या मुखाजवळील कचऱ्याने भरलेल्या ५८ एकर जागेतून राडारोडा काढून, पाण्याला वाट करून देऊन आणि स्थानिक जातींची झाडे लावून ‘अड्यार पूंगा’ साकारण्यात आले व २०११ मध्ये ते सुरू झाले. सुरुवातीची वर्षे तेथे मुख्यतः विद्यार्थ्यांच्या गटांना मार्गदर्शकासह नेले जाई. करमणुकीचे उद्यान म्हणून ते उघडले नाही, म्हणून तेव्हा टीकाही झाली. पण नुकत्याच सावरू लागलेल्या खाडीला ती उसंत आवश्यक होती. प्रवेश हा कायमचा हक्क किंवा कायमची बंदी असावा लागत नाही. भूमीची प्रकृती पाहून तो वाढविता आणि कमी करता येतो.

आता गिंडीच्याच शेजारी एक मोठी संधी आली आहे. रेसकोर्सची सुमारे १६० एकर सरकारी जमीन दीर्घ भाडेपट्ट्याने रेस क्लबकडे होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू शासनाने तो भाडेपट्टा रद्द करून जमिनीचा ताबा घेतला आणि तीपैकी ११८ एकरांवर उद्यान करण्याचे ठरविले. क्लबने न्यायालयात दाद मागितली. पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी या जमिनीत तळी खोदण्याचे कामही हाती घेण्यात आले.

या ११८ एकरांकडे, म्हणजे सुमारे ४८ हेक्टरांकडे, पाहताना गिंडीचे गणित पुन्हा मांडावे. रानाच्या वीस टक्के भागात पायवाटा काढून जेवढी जागा फिरणाऱ्यांना मिळाली असती, जवळजवळ तेवढी जागा येथे रानाला धक्का न लावता मिळू शकते. मांबलमहून उपनगरी रेल्वेने गिंडी हे दुसरेच स्थानक आहे. सकाळी फिरणारे वृद्ध, चेंडू घेऊन येणारी मुले, सुट्टीच्या दिवशी चटई पसरणारी कुटुंबे या सर्वांना येथे सामावून घेता येईल. मात्र त्यासाठी आराखड्यातच काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतील. झाडे कोरोमंडल किनाऱ्याच्या मूळ जातींची लावली तर भिंतीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांना ती परकी वाटणार नाहीत. तळ्यांचे काठ दगडांनी बांधून काढले तर बगळे तेथे उतरणार नाहीत. रानाकडील बाजूला दिवे आणि ध्वनिक्षेपक नसावेत. प्रवेश विनामूल्य असावा, निदान सकाळ-संध्याकाळी तरी. उद्यानाची जमीन पुढे दुसऱ्या कामासाठी देता येणार नाही, अशी तरतूद कायद्याने करता येईल काय, याचाही विचार आताच व्हावा. भूमिपूजनाची कोनशिला बसल्यावर तो करून उपयोग नाही.

वेस्ट मांबलममधील रहिवासी संघटनांना यात करण्यासारखे बरेच आहे. आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातील तेव्हा त्या लेखी द्याव्यात. महानगरपालिकेच्या ताब्यातील छोटी मैदाने वाहनतळ म्हणून वापरली जात असतील तर ती मोकळी करून घ्यावीत. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस मोकळी असलेली प्रत्येक सार्वजनिक जागा, तिचा भूमापन क्रमांक आणि आजचा वापर यांची यादी शाळेतील मुलांकडूनही करून घेता येईल. त्या यादीत लेक व्ह्यू रोडच्या नोंदीपुढे तळ्याचे क्षेत्रही लिहावे. जुन्या नकाशांत ते सापडते.